बिघडलेल्या प्रयोगाचं सोनं करणारे वॉल्टर कॅनन

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार, म्हणून मी एका शास्त्रज्ञाविषयी लिहिते आहे. अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता आपण पाठ केला होता. त्यातली अधिवृक्क ग्रंथी आणि तिचं ॲड्रिनॅलिन आठवतंय? भीती किंवा राग आला की ते रक्तात उतरतं आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, ही कल्पना वॉल्टर कॅनन यांची. मी शिकले इंजिनिअरिंग, नोकरी सॉफ्टवेअरमधली. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्याचा फोन आला की छातीत धडधडतं ते नेमकं काय, या कुतूहलापायी मी त्यांच्याविषयी वाचायला लागले.

कॅनन यांचा जन्म १८७१ सालचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. वडील रेल्वेत होते. आई लहानपणीच गेली. मुलाचं अभ्यासात लक्ष नाही असं वाटून वडिलांनी चौदाव्या वर्षी त्यांना शाळेतून काढलं आणि रेल्वेच्या कचेरीत कामाला लावलं. दोन वर्षांनी ते शाळेत परतले. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या न्यूसन बाईंनी या मुलात काय आहे ते ओळखलं आणि हार्वर्डला जाण्याचा आग्रह धरला. घरची परिस्थिती बेताची होती. शिष्यवृत्ती आणि मिळतील ती कामं यांवर १८९२ साली त्यांचं हार्वर्डचं शिक्षण सुरू झालं.

१८९६ मध्ये ते वैद्यकीय शाखेत गेले. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं. अन्न पोटात कसं पुढे सरकतं हे या किरणांनी पाहावं, असं प्राध्यापक बाउडिच यांनी सुचवलं. कॅनन मांजरांना बिस्मथचा क्षार मिसळलेलं अन्न देत आणि पडद्यावर जठराची हालचाल बघत. पण काही मांजरं, विशेषतः बोके, बांधून ठेवल्यावर चिडत, धडपडत. आणि त्याच क्षणी जठर थांबे. शांत झाली की पुन्हा चालू. पचनाचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने हा नुसता व्यत्यय होता. शांत मांजरं निवडून काम उरकता आलं असतं. कॅनन यांनी मात्र हा व्यत्यय नीट टिपून ठेवला, आणि पुढे तोच त्यांचा विषय झाला.

१९०६ साली ते हार्वर्डमध्ये शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्याने भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजराचं रक्त तपासलं. त्या रक्ताने आतड्याच्या स्नायूची पट्टी सैल पडली. शांत असतानाच्या रक्ताने तसं होत नव्हतं. भीतीने ॲड्रिनॅलिन रक्तात येतं, याचा हा पुरावा. मग त्यांनी माणसं तपासली. अवघड परीक्षेनंतर नऊपैकी चार वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या लघवीत साखर सापडली. सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. फुटबॉलच्या अटीतटीच्या सामन्यानंतर पंचवीसपैकी बारा खेळाडूंमध्ये ती होती, आणि त्या बारांतले पाच तर मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बाकावर बसून होते!

हे सगळं त्यांनी १९१५ च्या पुस्तकात मांडलं. जठर थांबतं, कारण तिथलं रक्त स्नायूंकडे वळवायचं असतं. साखर वाढते ती इंधन म्हणून. पुढे त्यांनी मांजरांच्या अनुकंपी चेतासंस्थेच्या साखळ्या काढून पाहिल्या. उबदार प्रयोगशाळेत ती मांजरं मजेत जगली, पण थंडीला तोंड देता येईना. शरीर आतला समतोल सतत सांभाळत असतं, या गुणाला १९२६ मध्ये त्यांनी ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं.

सगळंच बरोबर आलं नाही. चेतातंतूंच्या टोकाशी दोन प्रकारची ‘सिम्पॅथिन’ तयार होतात, हा त्यांचा सिद्धान्त टिकला नाही. तिथलं रसायन नॉरॲड्रिनॅलिन आहे, हे त्यांच्या मृत्यूनंतर स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी दाखवलं. अनेकदा शिफारस होऊनही नोबेल त्यांना मिळालं नाही. आणि ज्या किरणांनी वाट दाखवली, त्यांचा धोका त्या काळी पुरता ठाऊक नव्हता. त्वचेचा दीर्घ आजार त्यांनी सोसला. १ ऑक्टोबर १९४५ रोजी ते गेले.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं आता दहावी-बारावीला आहेत. पेपरच्या सकाळी त्यांच्या पोटात गोळा येतो, घास गिळत नाही. आपण म्हणतो, घाबरतोस काय एवढा? कॅनन वाचल्यापासून मी असं म्हणणं सोडलं आहे. तो भित्रेपणा नाही, शरीराची तयारी आहे. आणि ज्या मुलाला घरच्यांनी नोकरीला जुंपलं होतं, त्याला हार्वर्डची वाट दाखवली ती शाळेतल्या एका बाईंनी. आपल्या बाईंनी आणि सरांनी हा लेख जरूर वाचावा, असं म्हणूनच वाटतं.