नॉर्बर्ट वीनर
नॉर्बर्ट वीनर (जन्म : कोलंबिया, मिसूरी, २६ नोव्हेंबर १८९४, मृत्यू : स्टॉकहोम, १८ मार्च १९६४) हे अमेरिकन गणितज्ञ व सायबरनेटिक्स या शास्त्राचे प्रवर्तक होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानाचा पुढील मार्ग वर्तविण्याचे गणित त्यांनी मांडले. अणुबाँबच्या वापरानंतर मात्र लष्करी संशोधनास साहाय्य करण्याचे त्यांनी जाहीरपणे नाकारले. पूर्वानुमानाचीच कल्पना पुढे मेंदूच्या अभ्यासास उपयोगी पडली. एका संकेताच्या भूतकाळामुळे दुसऱ्याचे पूर्वानुमान सुधारत असेल, तर पहिला दुसऱ्याचे कारण मानावा, असा विचार त्यांनी १९५६ साली मांडला. क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ साली त्यास संख्याशास्त्रीय कसोटीचे रूप दिले. एफएमआरआय प्रतिमांवरून मेंदूच्या एका भागाचा दुसऱ्यावरील प्रभाव शोधण्यासाठी ही कसोटी वापरली जाते. मात्र रक्तप्रवाहाचा प्रतिसाद सर्व भागांत सारख्या वेगाने येत नसल्याने निष्कर्ष जपून काढावे लागतात.