गोडसे भटजींची कमाई

प्रवास ही पैसे खर्च करण्याची गोष्ट आहे, असे आपल्या वाडवडिलांनी आपल्याला शिकवले. प्रवासाने पैसा येतो, हे मात्र आपल्या पिढीने शोधून काढले, असा आपला एक समज आहे. आजची मुले हातात मोबाइल घेऊन निघतात, पावसाळ्यात कोंडेश्वरच्या धबधब्याशी किंवा मलंगगडाच्या पायऱ्यांवर उभी राहतात, वाटेत काय पाहिले, काय खाल्ले, कुठे पाय घसरला हे बोलून दाखवतात, आणि ती चित्रफीत यूट्यूबवर टाकून तिच्यावरच्या जाहिरातींतून चार पैसे मिळवतात. आमच्या वर्गातही असे दोघे-तिघे आहेत. वाचकहो, त्यांची चेष्टा करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. ज्या मनुष्याची हकीकत मला सांगायची आहे, तो या मंडळींचा फार जुना पूर्वज आहे, एवढेच माझे म्हणणे. त्याचे नाव विष्णुभट गोडसे. 'माझा प्रवास' या पुस्तकामुळे महाराष्ट्र त्यांना गोडसे भटजी म्हणून ओळखतो.

विष्णुभटांचा जन्म १८२७ सालचा. गाव वरसई, तालुका पेण. आमच्या बदलापूरहून कर्जत-खोपोलीच्या बाजूने गेले तर हे गाव काही परमुलखात नाही. घर भिक्षुकाचे, खाणारी तोंडे पुष्कळ, आणि डोक्यावर कर्ज. यज्ञयाग, अनुष्ठाने, पूजाअर्चा यांत विष्णुभट तयार होते. पण कोकणातल्या खेड्यात या विद्येला मोल किती मिळणार? पेशवाई जाऊन जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. पुण्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाण्याचे दिवस केव्हाच सरले होते. वरसईच्या आसपास सत्यनारायण आणि श्राद्धपक्ष करून सावकार भागणे शक्य नव्हते.

अशा वेळी बातमी आली की, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यात लाखो रुपये खर्च होणार आहेत. एवढा यज्ञ म्हणजे शेकडो ब्राह्मणांना दक्षिणा. तिशीच्या विष्णुभटांनी जायचे ठरवले. घरच्यांचा जीव तयार होईना. त्या काळी नर्मदेपलीकडच्या मुलखालाच आपले लोक हिंदुस्थान म्हणत, आणि तिकडे गेलेला मुलगा भांगेच्या नादी लागतो, तिकडच्या बायकांच्या मोहात पडतो आणि परत येत नाही, अशी आईवडिलांची समजूत होती. अखेर काका रामभट बरोबर जाणार म्हटल्यावर परवानगी मिळाली. हा भाग वाचताना मला हसू आले. आमच्या मामांनी माझ्या मामेभावाला जे सुनावले, त्यात भांगेच्या जागी फक्त दुसरे शब्द होते.

मामेभावाचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकते. तो अंबरनाथला राहतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातली नोकरी त्याने गेल्या वर्षी सोडली आणि पूर्ण वेळ फिरून चित्रफिती करण्याचे ठरवले. पहिली त्याने घराजवळच केली, वालधुनीच्या काठच्या शिवमंदिराची. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले ते देऊळ. लहानपणापासून आम्ही तिथे शिवरात्रीला जातो, पण त्याच्या भिंतींवरची शिल्पे आम्ही कधी नीट पाहिली नव्हती, ती त्याच्या चित्रफितीत पाहिली. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला हजार सभासद आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे, अशी अट यूट्यूबने २०१८ पासून घातलेली आहे. ती पुरी व्हायला त्याला पुष्कळ महिने लागले. मामा विचारतात, भटकंतीवर कुणाचे घर चालले आहे का? मी तृतीय वर्षाला इतिहास घेतलेला असल्याने हा प्रश्न माझ्याकडे आला, आणि माझ्या डोळ्यांसमोर गोडसे भटजी उभे राहिले.

१८५७ च्या आरंभी काका-पुतणे निघाले. एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८५६ सालीच कल्याणहून आमच्या बदलापूरवरून खोपोलीपर्यंत आगगाडी सुरू झाली होती. म्हणजे विष्णुभट घर सोडत होते तेव्हा या आपल्या रुळांवरून इंजिनाचा धूर निघत होता. पण घाटापलीकडे रूळ नव्हते. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये चालू झाली, आणि बोरघाट चढायला तिला १८६३ साल उजाडले. तेव्हा मथुरेला जायचे म्हणजे बैलगाडी आणि स्वतःचे पाय. आज बदलापूरच्या फलाटावर सकाळची मुंबई लोकल पकडताना जी लढाई होते, तिच्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला आहे. पण गोडसे भटजींसमोर मी ती करणार नाही.

महूच्या जवळपास त्यांना पलटणीतले शिपाई भेटले. नव्या काडतुसांची, धर्म बुडण्याची आणि आता मोठा दंगा होणार याची बोलणी त्यांच्या कानावर आली. शहाणा मनुष्य तिथूनच माघारी फिरला असता. पण माघारी फिरायचे तर रिकाम्या हाताने. कर्ज जिथल्या तिथे. ते पुढे गेले. थोड्याच दिवसांत उत्तरेत सगळीकडे आग लागली, आणि मथुरेच्या ज्या यज्ञासाठी एवढी पायपीट केली, त्याची दक्षिणा काही त्यांच्या नशिबी नव्हती.

यापुढचा त्यांचा प्रवास म्हणजे आश्रय शोधत फिरणे. धार, उज्जैन, ग्वाल्हेर अशी मराठी राज्ये त्या मुलखात होती. तिथे वैदिक ब्राह्मणाला मान होता आणि थोडीफार प्राप्तीही होती. असे करत ते झाशीला पोचले. झाशीत त्यांना जे दिसले, त्यामुळे ते अजरामर झाले. राणी लक्ष्मीबाई त्यांनी जवळून पाहिली. तिची पूजा, तिचा व्यायाम, मल्लखांब, घोड्यावरची रपेट, कधी पुरुषी पोशाखात तर कधी साध्या विधवेच्या वेषात दरबारात येणे, हे सारे त्यांनी बारकाईने टिपले. राणीवर पुढे पोवाडे झाले, नाटके झाली, चित्रपट झाले. पण ती कशी वागे-बोले हे सांगणारा आपल्या भाषेतला प्रत्यक्ष साक्षीदार शोधायचा, तर पेण तालुक्यातल्या या भिक्षुकापाशीच यावे लागते.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज झाशीवर चालून आला. तोफा सुरू झाल्या. मदतीला येणाऱ्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेतवेच्या काठी पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली, आणि दुसऱ्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. शहर मागे राहिले आणि शहराबरोबर विष्णुभट. त्यांनी काकांसह घरात लपून दिवस काढले. शिपायांनी त्यांच्याजवळचा पैसा काढून घेतला. जीव तेवढा वाचला. रस्तोरस्ती पडलेली प्रेते, जळणारी घरे, आणि क्रमाने चाललेली लूट त्यांनी सांगितली आहे: आधी सोनेनाणे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडालत्ता, मग धान्य. राजवाड्यातल्या पुस्तकांचा मोठा संग्रह नष्ट झाला, याची हळहळ त्यांना फार वाटली. स्वतःची दक्षिणा गेलेली असताना ग्रंथांसाठी हळहळणारा हा मनुष्य पैशासाठी घराबाहेर पडला होता, हे मी वाचताना विसरून जाते.

झाशीहून काल्पीकडे जाताना वाटेत एका विहिरीशी त्यांना राणी पुन्हा भेटली. पराभवातून आलेली, धुळीने माखलेली, तहानलेली. राजवाड्यात जिला दुरून नमस्कार करायचा, तिला पाणी काढून द्यायला हा ब्राह्मण पुढे झाला. हा प्रसंग मी इथे विस्ताराने सांगत नाही. तो त्यांच्या पुस्तकात आहे, तिथेच वाचावा. माझ्या शब्दांत तो बिघडेल. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली.

पुढे चित्रकूट, प्रयाग, काशी अशी तीर्थे झाली. वाटेत पुन्हा लूट, पुन्हा संशय, पुन्हा उपास. थोडे मिळवावे आणि कुणी तरी हिसकावून न्यावे, असे किती वेळा झाले ते मोजण्यात अर्थ नाही. शेवटी गंगेचे पाणी कावडीत घेऊन, ती कावड खांद्यावर वाहत ते शेकडो कोस चालत निघाले. घर सोडल्याला दोन वर्षे उलटून गेली होती. वरसईत ते पोचले तेव्हा हाती पैसा बेताचाच होता. आणलेल्या गंगोदकाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ते पाणी कुणी लुटले नव्हते.

इथे जीवनचरित्र संपायला हवे होते. एक गरीब भिक्षुक गेला, संकटे पाहिली, परत आला, उरलेले आयुष्य गावात पूजा सांगत काढले. अशी किती माणसे होऊन गेली असतील. पण भटजींना सांगण्याची हातोटी होती. परत आल्यावर वर्षानुवर्षे ते या गोष्टी लोकांना सांगत राहिले. त्यांच्या यजमानांत वैद्यांचे घराणे होते. त्या घरातले चिंतामण विनायक वैद्य कल्याणचे. १८६१ चा त्यांचा जन्म; पुढे ते ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश झाले, महाभारतावर लिहिले, आणि १९०८ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरुणपणीच त्यांच्या ध्यानात आले की, भटजींच्या तोंडच्या या हकीकती हवेत विरून जाऊ देण्यासारख्या नाहीत. त्यांनी भटजींना सारे लिहून काढायला सांगितले आणि त्या श्रमांचा मोबदला द्यायचे ठरवले. १८८३ च्या सुमारास, पाहिले त्याला पाव शतक होऊन गेल्यावर, भटजींनी मोडी लिपीत ते लिहिले.

म्हणजे पाहा. यज्ञाची दक्षिणा मिळाली नाही, जी मिळाली ती लुटली गेली, आणि पाव शतकाने पैसा मिळाला तो प्रवासाच्या आठवणींचा. ही रक्कम काही मोठी नसणार. तिने वरसईचे कर्ज फिटले असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही. पण वैद्यांना विकत घ्यावेसे वाटले ते भटजींचे वेदपठण नव्हे, तर त्यांनी रस्त्यावर पाहिलेले जग, ही गोष्ट मला फार नवी आणि फार आजची वाटते.

आता याची दुसरी बाजू. लिहून झाले म्हणजे छापून झाले असे नव्हते. सत्तावन्नवर, तेही झाशीच्या कत्तलीवर, इंग्रजी राज्यात लिहिणे म्हणजे विस्तवाशी खेळ. हस्तलिखित पडून राहिले. १९०७ साली, बंडाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, वैद्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले. भटजी तोवर वारले होते. आपले नाव छापलेले त्यांनी कधी पाहिलेच नाही. शिवाय वैद्यांनी भाषा आपल्या काळच्या वळणाची केली, काही मजकूर गाळला. चांगल्या हेतूनेच केले असेल. तरीही सांगणाऱ्याचे बोलणे संपादकाच्या पसंतीने बदलले, हे खरे. भटजींचे मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज प्रथम ऐकू आला.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला एक सांगितले पाहिजे. भटजींनी लिहिलेले सगळेच जसेच्या तसे धरता येत नाही. झाशी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. कानपूरचे आणि नानासाहेबांचे पुष्कळसे त्यांनी ऐकले. पंचवीस वर्षांनी लिहिताना दिवस आणि आकडे हलतात. पण ते शूरपणाचा आव आणत नाहीत. भीती वाटली तर वाटली म्हणतात, लपून बसलो तर बसलो म्हणतात. इंग्रजांनी केलेली कत्तल सांगतात, आणि बंडवाल्यांनी रयतेला दिलेला त्रासही झाकत नाहीत. स्वतःला मोठे करून दाखवले असते तर वैद्यांच्या घरी ती गोष्ट अधिक रंगली असती. त्यांनी तो मोह टाळला.

हे सारे मी मामेभावाला सांगितले. आम्ही उल्हासनगरला मोबाइलचा भाग बदलून घ्यायला गेलो होतो. दुकानदाराचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले, तेव्हा ही वस्ती म्हणजे महायुद्धातली लष्करी छावणी होती; उल्हासनगर हे नाव तिला १९४९ मध्ये मिळाले. आमचे बोलणे ऐकून दुकानदार म्हणाले की, त्यांचे आजोबाही त्या प्रवासाचे फार बोलायचे, पण ते कुणी लिहून घेतले नाही. मामेभाऊ गप्प झाला. नंतर त्याने विचारले की, मरणाऱ्या माणसांच्या मधून चालत आलेल्या प्रवासाचे पैसे घेताना भटजींना काही वाटले असेल का. मला उत्तर देता आले नाही. पुस्तकात शोधले, तिथेही नाही. मामांचा प्रश्नही अजून तसाच आहे. नोकरीसाठी दोन ठिकाणी अर्ज करून ठेव, असा त्यांचा हट्ट चालू आहे आणि मामेभावाने एक अर्ज केला आहे.

गोडसे भटजींचे पुस्तक हिंदीत अमृतलाल नागरांनी नेले, २०११ मध्ये मृणाल पांडे यांनी ते इंग्रजीत आणले. मूळ मोडी बाड वैद्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दिले. आमच्या वर्गातल्या ज्यांना मोडी शिकायची आहे, त्यांनी दिवाळीच्या सुटीनंतर मला भेटावे. चौघी जमलो आहोत, आणखी दोघे-तिघे आले तर एकदा पुण्याला जाऊन ते बाड पाहता येईल का, याची चौकशी करायचा विचार आहे.