रेव्हरंड नारायण वामन टिळक : सेवेत देव शोधणारे जीवन

नाताळच्या या पुण्यपर्वावर आमच्या जिल्ह्यातील ख्रिस्ती मंदिरांत दिवे लागतात, आणि संतनगरी शेगावच्या छायेत वाढलेल्या आम्हां वऱ्हाडवासीयांच्या घरांतही शेजारधर्म म्हणून फराळाची ताटे येतात. अशा दिवशी ज्या एका महाराष्ट्रीय पुरुषाचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते, तो जन्माने कोकणस्थ ब्राह्मण, वाणीने वारकऱ्यांच्या कुळातला आणि श्रद्धेने ख्रिस्ताचा दास होता. ते पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. स्वधर्म सोडून जाणाऱ्याचे चरित्र वाचताना भाविक मनाला जी टोचणी लागते, ती आम्हांसही लागते. ती लपवून हे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु त्या टोचणीपाशीच थांबणेही न्यायाचे होणार नाही.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव करारी आणि कठोर वृत्तीचे, तर माता जानकीबाई भाविक आणि काव्यप्रेमी. मुलाच्या जिभेवर कवितेचा पहिला संस्कार झाला तो आईचाच. ती माता अकाली निवर्तली आणि पोरका झालेला हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. गोदातीरी गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. १८८० मध्ये नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले कुळातील मनकर्णिका या अकरा-बारा वर्षांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. पुढे महाराष्ट्र ज्यांना लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखू लागला, त्या याच. ज्या घरात त्या वाढल्या तेथे सोवळ्याओवळ्याचे बंधन इतके कडक होते की, बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून आत येत नसे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

टिळकांचे चित्त एका ठिकाणी स्थिरावणारे नव्हते. शिक्षक, कीर्तनकार, कवी, संपादक अशा नाना भूमिका करीत ते गावोगाव फिरले. नागपुरास आप्पासाहेब बुटी या विद्याप्रेमी धनिकाच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले. नाशिकहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग तेव्हाही मलकापूर, नांदुरा, शेगाव असाच आमच्या जिल्ह्यातून जात असे. शेगावी गजानन महाराजांचे वास्तव्य असतानाच्या त्या वर्षांत हा अस्वस्थ तरुण कवी आमच्याच भूमीतून ये-जा करीत होता, हा विचार आम्हांस हृद्य वाटतो. त्या काळी त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. या देशातील माणसे जातीजातींत विभागलेली, दुर्बळ आणि दुःखी आहेत. त्यांना एकत्र बांधील असा धर्म कोणता? उत्तर मिळेना, तेव्हा आपणच एखादा नवा धर्म स्थापावा असेही त्यांच्या मनाने घेतले होते.

१८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. गोष्टी काव्यापासून निघाल्या आणि धर्मापाशी आल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. पुस्तक मनास विशेष भावले नाही, तरी दिला शब्द पाळावा म्हणून टिळक वाचीत गेले, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन खिळले. शत्रूवरही प्रेम करावे, दीनांना धन्य मानावे, ही वाणी त्यांना परकी वाटली नाही. तुकोबारायांच्या अभंगांनी ज्या अंतःकरणाची मशागत केली होती, त्यातच हे बीज पडले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे आवर्जून सांगत. संतांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही, आणि आम्हां भाविकांच्या दृष्टीने त्यांच्या जीवनाची हीच किल्ली होय.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत किती मोठी होती, हे आज कल्पनेनेच जाणावे लागेल. आप्त दुरावले. सर्वांत दारुण आघात झाला तो लक्ष्मीबाईंवर. पती जिवंत असून नसल्यासारखा, कडेवर जेमतेम चार वर्षांचा दत्तू, आणि समाजाची नजर सर्व बाजूंनी रोखलेली, अशा स्थितीत ती साध्वी माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिली. काही काळ तिने पंढरपुरी काढला. विठ्ठलाच्या दारी तिने किती अश्रू ढाळले असतील, हे तो पांडुरंगच जाणे. टिळकही सुखात नव्हते. श्रद्धेसाठी त्यांनी संसार सोडला, पण संसाराची ओढ त्यांना सोडीना. त्यांच्या निर्णयाने एका निरपराध स्त्रीला जे सोसावे लागले, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र पुढे जे घडले तेही सांगितले पाहिजे.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरास आले. आज अहिल्यानगर हे नाव धारण करणाऱ्या या शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. मुलींच्या शिक्षणाचा दिवा त्या मिशनने तेथे फार लवकर लावला. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच नगरात, मिस फरार यांच्यापाशी. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आणि त्याच सुमाराची प्लेगची साथ या दोन्ही आपत्तींत नगरची ख्रिस्ती मंडळी अनाथ मुलांना पोटाशी धरून उभी राहिली. अशा मंडळींत टिळक शिक्षक म्हणून दाखल झाले. तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत, गीते रचीत, कीर्तने करीत, आणि दारी आलेल्या कोणालाही विन्मुख पाठवीत नसत.

लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षांच्या वियोगानंतर पतीकडे आल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. स्वतःच्या बाबतीत त्यांनी जे स्वातंत्र्य घेतले होते, तेच त्यांनी पत्नीला दिले. मग एकदा लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांचे काहूर उठले. देवाने माणूस निर्माण केला, पण माणसामाणसांतील उच्चनीचता कोणी निर्माण केली? ती माणसानेच केली असेल, तर मग हे ओझे कशासाठी वाहावयाचे? त्या विचाराअंती त्यांनी निश्चय केला की, यापुढे कोणाच्याही हातचे पाणी आपणास वर्ज्य नाही. जिच्या माहेरी प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई, तिचे अंतःकरण असे निर्मळ झाले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगच्या दिवसांत मिशनच्या मुलींच्या सोबतीला राहून त्यांनी शुश्रूषा केली, आणि टिळकांचे घर हे अनाथ मुलांचे आणि निराश्रित विद्यार्थ्यांचे हक्काचे घर झाले. घरात पैसा टिकत नसे, कारण टिळकांच्या हाताला तो साठवण्याची सवयच नव्हती. त्या ओढाताणीतला संसार रेटला तो लक्ष्मीबाईंनी.

त्या घराचा उंबरठा केवढा उदार होता, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९०७ मध्ये आमच्या शेजारच्या जळगाव येथे कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे हा खानदेशी कुमार आपल्या कवितेने सर्वांच्या कौतुकास पात्र झाला आणि बालकवी या नावाने ओळखला जाऊ लागला. टिळकांनी या मुलाचे मोल जाणले. पुढे नगरास आपल्या घरी ठेवून टिळक पतिपत्नींनी त्याच्यावर पोटच्या पुत्राप्रमाणे माया केली. बालकवी ख्रिस्ती घरात राहिले, तेथे जेवले, फुलले, आणि हिंदूच राहिले. ज्या सेवेमागे हेतू दडलेला नसतो, तिची खूण अशीच असते.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ज्ञानोदय या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी अखेरपर्यंत केले. पण त्यांच्या अंतःकरणात एक शल्य सलत होते. या देशातील ख्रिस्ती मंडळी परदेशी पैशावर आणि परदेशी रीतींवर किती काळ जगणार? आपल्याच गावात पाहुण्यासारखे राहावयाचे, शेजाऱ्याच्या सुखदुःखापासून दूर राहावयाचे, हे त्यांना अधर्म्य वाटे. ज्या नगरात देवाने आपणास ठेवले, त्या नगराची भाषा, त्याचे दुःख आणि त्याची आशा आपली मानणे हीच देवाने दिलेली नेमणूक, असा त्यांच्या सर्व उद्योगाचा आशय होता. म्हणून त्यांनी प्रार्थनामंदिरात अभंग, ओवी, टाळ आणि मृदंग आणले. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजली. वारकऱ्याच्या कानाला ती आपलीच वाटतील. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून १९०९ मध्ये त्यांनी ख्रिस्तायन हा ग्रंथ आरंभिला.

१९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार हा भक्तसमुदाय स्थापण्याचा प्रयत्न चालविला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही त्या दरबारात जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानावे आणि भेदभाव न करता लोकांची सेवा करावी, एवढीच तेथील मागणी होती. आपल्याच मंडळींतील अनेकांना हे साहस रुचले नाही. पण टिळक मागे हटले नाहीत. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी भरले घर मागे ठेवले. फरक इतकाच की, या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्या श्रद्धेच्या सोबतीण होत्या. काळाने मात्र अवधी दिला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. दरबार बाल्यावस्थेतच राहिला.

अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या त्या माउलीने साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९३८ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांची स्मृतिचित्रे तर मराठी आत्मचरित्रांचे भूषण ठरली. पतीच्या निर्णयाने जिचा संसार मोडला, तिनेच पतीचे कार्य पुरे केले. या जीवनकथेतील खरा चमत्कार आम्हांस येथे दिसतो.

वाचकहो, टिळकांचा मार्ग आपला नव्हे. आपली पंढरी, आपले शेगाव आणि आपली तुळस आपणास पुरेशी आहे. पण त्यांनी स्वतःला जो प्रश्न विचारला, तो आपल्याही दारी उभा आहे. ज्या गावात परमेश्वराने आपणास जन्माला घातले, त्या गावातील भुकेला, रोगी आणि पोरका आपला कोण? गजानन महाराजांनी उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचून अन्नब्रह्माची ओळख आपणास करून दिली. ते अन्न शेजाऱ्याच्या मुखी घालणे ही त्यापुढची पायरी होय. शेजारच्या घरून आज फराळाचे ताट येईल, तेव्हा ते नुसते रिकामे करून परत देऊ नये. आपल्या घरचा गोड घास त्यात घालावा आणि एखाद्या अनाथ लेकराचा घासही बाजूला काढून ठेवावा. नाताळ साजरा करणाऱ्या आमच्या सर्व बंधुभगिनींना आमचे प्रेमाचे अभीष्टचिंतन.