शांता शेळके: वृत्तपत्री सदरांपासून भावगीतांपर्यंत

मराठी चित्रपटगीतांच्या इतिहासात गीतकार म्हणून डॉ. वसंत अवसरे हे नाव आढळते. या नावाची कोणी व्यक्ती नव्हती. चित्रपट परिनिरीक्षण मंडळाचे काम करीत असताना स्वतःच्या नावाने चित्रपटगीते लिहिणे अडचणीचे होते. म्हणून कवयित्री शांता शेळके यांनी हे टोपणनाव घेतले होते.

शांताबाईंचा जन्म १२ ऑक्टोबर १९२२ रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. त्यांच्या अकाली निधनानंतर कुटुंब पुण्यास आले. हुजूरपागा शाळा आणि स. प. महाविद्यालय येथे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी संपादन केली.

त्यानंतर आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात त्यांनी सुमारे ५ वर्षे संपादकीय विभागात काम केले. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेत बसेल असे लिहिण्याची सवय तेथे लागली. पुढे त्यांनी नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात व नंतर मुंबईत अध्यापन केले, तरी वृत्तपत्राशी असलेले नाते तुटले नाही. 'एक पानी', 'मदरंगी', 'जाणता अजाणता' ही त्यांची सदरे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वाचलेले पुस्तक, भेटलेली माणसे, एखादा जुना शब्द असे साधे विषय त्या घरगुती बोलीत मांडत.

गीतलेखनातही हीच शिस्त उपयोगी पडली. चित्रपटसृष्टीत अनेकदा चाल आधी तयार असते आणि तिच्या मापात शब्द बसवावे लागतात. 'मराठा तितुका मेळवावा' या १९६४ च्या चित्रपटासाठी त्यांनी वीररसाचे गीत लिहिले, 'हे बंध रेशमाचे' या नाटकासाठी पदे रचली. समुद्रापासून दूर, खेड-मंचर परिसरात वाढलेल्या शांताबाईंनी हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतासाठी लिहिलेली कोळीगीते तर कोळीवाड्यांनीही आपली मानली.

मागणीबरहुकूम लिहिलेले गीत कवितेपेक्षा कमी प्रतीचे, असा समज त्या काळी रूढ होता. शांताबाईंच्या बाबतीत तो टिकत नाही. सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून गायिलेल्या 'तोच चंद्रमा नभात' या गीतामागे शीलाभट्टारिका या प्राचीन कवयित्रीच्या नावावर असलेला संस्कृत श्लोक आहे. तो श्लोक न वाचलेल्या लाखो श्रोत्यांना त्याचा भाव मराठीत, तोही रेडिओवरून, घरबसल्या मिळाला. कालिदासाच्या 'मेघदूता'चा अनुवाद करणाऱ्या आणि 'लिट्ल विमेन' ही इंग्रजी कादंबरी 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणणाऱ्या लेखिकेचा व्यासंग या गाण्यांत नकळत उतरला होता.

१९९६ मध्ये आळंदी येथे भरलेल्या ६९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. कुसुमावती देशपांडे व दुर्गा भागवत यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला. ६ जून २००२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.