थडगे नसलेला टॉमस पेन

आम्ही दांडिया बाजारची माणसे राजाच्या मिठावर वाढलेली. माझे आजोबा गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात कारकून होते, आणि आमच्या माजघरात देवांच्या तसबिरींशेजारी सयाजीराव महाराजांची तसबीर असे. अशा घरातल्या मुलाने राजेशाहीच्या हाडवैऱ्याचे चरित्र वाचावे, आणि तेही महाराजांनीच स्थापन केलेल्या सेंट्रल लायब्ररीत बसून, ही गंमतच म्हणायची. पण त्या लायब्ररीचे आजोळही अमेरिकाच. १९०६ साली महाराज अमेरिकेचा प्रवास करून आले, तिथली मोफत ग्रंथालये त्यांच्या मनात भरली, आणि १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणले. टॉमस पेनची आणि माझी पहिली गाठ तिथेच पडली.

पेनचा जन्म १७३७ सालचा, इंग्लंडमधील थेटफर्ड या लहानशा गावातला. बाप बायकांच्या पेहरावातल्या घट्ट कॉर्सेटी शिवणारा. मुलाचे शिक्षण तेराव्या वर्षाच्या सुमारास संपले आणि तो बापाच्याच धंद्याला लागला. पुढे त्याने जहाजावर चाकरी केली, अबकारी खात्यात नोकरी धरली, ती गेली, पुन्हा मिळाली. पहिली बायको वर्षभरातच वारली. खात्यातल्या माणसांना पगार फार तुटपुंजा. तो वाढवावा म्हणून १७७२ साली त्याने एक निवेदन लिहिले. पगार तर वाढला नाहीच. दोन वर्षांनी पेनची नोकरी मात्र कायमची सुटली. त्याच साली दुकान लिलावात गेले आणि दुसऱ्या बायकोशीही फारकत झाली. सदतीस वर्षांचा हा माणूस सर्व बाजूंनी बुडालेला होता.

लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनशी त्याची ओळख झाली होती. त्याचे शिफारसपत्र खिशात घालून पेन अमेरिकेच्या जहाजावर चढला. १७७४ च्या नोव्हेंबरअखेर जहाज फिलाडेल्फियास लागले तेव्हा तापाने तो इतका खंगला होता की त्याला उचलून किनाऱ्यावर न्यावे लागले.

अमेरिकेतल्या तेरा वसाहती तेव्हा इंग्लंडच्या करांवरून धुमसत होत्या. १७७५ च्या एप्रिलात बंदुकाही झडल्या. तरी पुष्कळांची समजूत अशी की दोष मंत्र्यांचा आहे; तिसरा जॉर्ज राजा मनाचा चांगला आहे, त्याच्या कानावर गाऱ्हाणे गेले म्हणजे तो न्याय करील. ही समजूत आपल्याला काही परकी नाही. आमच्या आजोबांचाही असाच विश्वास होता, आणि त्यांच्या महाराजांनी तो बहुधा सार्थही केला. पण पेनने प्रश्नच वेगळा घातला. राजा चांगला की वाईट हे सोडा. बापाची गादी मुलाकडे आपोआप का जावी? शहाणपण काही वारसाहक्काने मिळत नाही. १७७६ च्या जानेवारीत ‘कॉमन सेन्स’ या नावाने ही चोपडी निघाली. भाषा पंडिती नव्हे. लोहाराला, शेतकऱ्याला कळेल अशी, आणि दाखले घरोघरी वाचल्या जाणाऱ्या बायबलातले. वर्षभरात पंचवीसच्या आसपास आवृत्त्या निघाल्या. जुलैत वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. पेनने मात्र नफ्यातला आपला वाटा सैनिकांच्या लोकरी हातमोज्यांसाठी देऊन टाकला.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यात वॉशिंग्टनची सेना हरत हरत मागे हटत होती. पेन सैन्याबरोबरच होता. धीर देणारी पत्रके त्याने लिहायला घेतली, आणि युद्ध संपेपर्यंत ती एकामागून एक निघत राहिली. स्वातंत्र्य आले. १७८४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने न्यू रोशेल येथील एक जप्त केलेली शेतवाडी त्याला इनाम दिली.

इथेच थांबला असता तर त्याचे पुतळे गावोगाव उभे राहिले असते. पण १७८७ साली तो युरोपात परतला, आणि फ्रान्समध्ये क्रांती झाल्यावर तिच्या बाजूने त्याने ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिले. त्याच्या १७९२ सालच्या दुसऱ्या भागात म्हाताऱ्यांना पेन्शन आणि गरिबांच्या मुलांना शिक्षणासाठी सरकारी मदत यांची योजना आहे. इंग्लंडने त्याच्यावर खटला भरला. तो तेवढ्यात फ्रान्सला निघून गेला होता. निकाल त्याच्या माघारी लागला. फ्रान्सने त्याला आपल्या प्रतिनिधिसभेत बसवले, जरी त्याला फ्रेंच धड बोलता येत नव्हते.

आणि इथेच माझ्यासारख्या राजनिष्ठ घरातल्या वाचकाला चकित करणारी गोष्ट घडली. सोळाव्या लुईचे काय करायचे हा प्रश्न सभेपुढे आला. राजेशाहीचा एवढा वैरी उभा राहिला तो राजाचा जीव वाचवण्यासाठी. गादी काढून घ्या, पण माणसाला मारू नका. त्याला अमेरिकेस पाठवा, असे त्याचे सांगणे. १७९३ च्या जानेवारीत लुईचे मस्तक उडाले, आणि वर्ष संपण्यापूर्वी पेन तुरुंगात पडला. ज्यांना मारायचे त्यांच्या कोठडीच्या दारावर पहाटे खूण करीत. पुढे त्याने सांगितले की खूण झाली तेव्हा दार उघडे होते, म्हणून ती आतल्या बाजूस पडली. रात्री दार मिटल्यावर ती कोणाला दिसली नाही. दहा महिन्यांनी अमेरिकन वकील जेम्स मन्रो याने त्याला सोडवले.

याच काळात त्याने ‘एज ऑफ रीझन’ लिहिले. देव एकच आहे असे तो मानी, पण धर्मग्रंथ ईश्वराने सांगितले हे त्याने नाकारले. वॉशिंग्टनने आपल्याला तुरुंगात विसरून टाकले म्हणून त्याच्यावरही त्याने जाहीर टीका केली. १८०२ साली अमेरिकेस परतला तेव्हा जुने स्नेही रस्ता बदलू लागले.

हे सारे मी एकदा आजोबांना वाचून दाखवले होते. त्यांनी कारकुनाला शोभेलसा एकच प्रश्न केला : इनाम पुढे चालले का? मी सांगितले, जमीन राहिली. पण १८०६ साली त्याच न्यू रोशेलमध्ये तो मत द्यायला गेला, तेव्हा तो अमेरिकेचा नागरिकच नाही म्हणून त्याला परत पाठवले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

८ जून १८०९ रोजी पेन न्यूयॉर्कमध्ये वारला. बापाच्या क्वेकर पंथाने आपल्या दफनभूमीत जागा नाकारली. शेतावरच त्याला पुरले. प्रेताबरोबर जेमतेम सहा माणसे होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने स्मारक बांधण्याच्या इराद्याने त्याची हाडे उकरून इंग्लंडला नेली. स्मारक झाले नाही, आणि कॉबेटच्या मृत्यूनंतर हाडांचाही पत्ता लागला नाही.

पण पुस्तकांना थडगे लागत नाही. पुण्यात १८४७ च्या सुमारास विशीतल्या जोतिराव फुल्यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८७३ साली जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. ज्याला आपल्याच गावात मत देता आले नाही, त्याचे म्हणणे साता समुद्रांपलीकडे एका माळ्याच्या मुलाने असे मनावर घेतले.

महाराजांची तसबीर आमच्या घरात अजून आहे. तिच्या खालच्या फळीवर मी पेनचे पुस्तक ठेवले आहे. दोघांचे जमेल असे मला वाटते.