परखड परीक्षक बाबूराव पटेल

स्मरणिकेत एका कर्तबगार मराठी माणसाची ओळख करून द्यावी, ही आम्हा माळव्यातल्या मराठी मंडळींची हौस. यंदा आम्ही असे नाव निवडले आहे, ज्याच्यावर लोकांनी जीव लावला आणि ज्याचा तितकाच रागही केला. बाबूराव पटेल. इंदूरहून देवासमार्गे आग्र्याच्या रस्त्याला लागले की मक्सीनंतर शाजापूर येते. १९६७ साली याच शाजापूरने जनसंघाच्या तिकिटावर त्यांना लोकसभेत पाठवले होते. पण त्यांची खरी कीर्ती राजकारणातली नव्हे, चित्रपट परीक्षणातली.

बाबूरावांचा जन्म १९०४ सालचा, पालघरजवळच्या मासवणचा. मूळ आडनाव पाटील, पुढे ते पटेल झाले. तरुणपणीच ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत शिरले. आधी सिनेमाविषयक पत्रकारिता केली, मग काही चित्रपट दिग्दर्शितही केले. १९३५ साली त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले आणि त्यांची जागा त्यांना सापडली.

त्या काळी सिनेमाविषयी छापून येणारा पुष्कळसा मजकूर म्हणजे जाहिरातीचीच दुसरी आवृत्ती असे. जाहिरात देणाऱ्या निर्मात्याला दुखवायचे कोणी? बाबूरावांनी दुखवले. त्यांच्या परीक्षणाचा मथळा वाचला तरी चित्रपटाचा निकाल कळे. पुढच्या मजकुरात कथा, संवाद, छायालेखन, अभिनय यांचा एकेक करून समाचार असे. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली त्यांची तिरकस उत्तरे तर लोक अंक हाती पडताच आधी वाचत. मुखपृष्ठांसाठी एस. एम. पंडितांसारखा चित्रकार लाभला होता. मासिकातला बराच मजकूर बाबूराव आणि त्यांच्या पत्नी, शास्त्रीय गायिका सुशीलाराणी, हे दोघेच लिहीत.

त्यांच्या लेखणीचे बळ १९३८ साली दिसले. ‘द ड्रम’ या ब्रिटिश चित्रपटात हिंदुस्थानी माणसाचे चित्रण अपमानकारक होते. फिल्मइंडियाने त्याविरुद्ध रान उठवले. मुंबईत निदर्शने झाली. सिनेमा ही केवळ करमणूक नाही, त्यात देशाची अब्रूही गुंतलेली असते, हे बाबूराव परदेशी निर्मात्यांनाही ऐकवत होते.

त्यांची मते नेहमीच टिकली असे मात्र नाही. १९४४ साली ‘ज्वार भाटा’मधून एक नवा नट आला. बाबूरावांनी त्याला निस्तेज ठरवून त्याच्या अभिनयाला शून्य किंमत दिली. तो नट म्हणजे दिलीप कुमार. तीन वर्षांनी ‘जुगनू’ गाजला, तेव्हा बाबूरावांनी त्या चित्रपटाला अश्लील म्हणून झोडपले. प्रेक्षकांनी मात्र दिलीप कुमारला डोक्यावर घेतले. उलट १९५७ साली मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ आला, तेव्हा हाच कठोर परीक्षक भरभरून बोलला. देशात आजवर झालेल्या चित्रपटांत तो त्यांना सर्वश्रेष्ठ वाटला, आणि नर्गिसशिवाय तो चित्रपट उभाच राहिला नसता असे त्यांनी लिहिले. पुढे तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. तेथे बाबूरावांची नजर चुकली नाही.

दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्या या माणसाने स्वतःलाही परीक्षेला बसवले होते. १९४४ साली ‘द्रौपदी’ आणि १९४६ साली ‘ग्वालन’ हे चित्रपट त्यांनी सुशीलाराणींना नायिका करून काढले. दोन्ही पडले. ज्यांना त्यांनी सोलून काढले होते, त्यांना काय आनंद झाला असेल! पण बाबूरावांची लेखणी त्यानंतरही मवाळ झाली नाही.

दोषही लपवायचे कारण नाही. पुष्कळदा चित्रपटावरची टीका माणसावर घसरे, त्याच्या रूपावर आणि खासगी आयुष्यावर जाई. वैयक्तिक राग-लोभ परीक्षणात उतरत. १९६० नंतर फिल्मइंडियाचे ‘मदर इंडिया’ झाले, सिनेमा मागे पडला, राजकारण पुढे आले आणि लेखणीला जातीय विखाराचाही स्पर्श झाला. १९८२ साली बाबूराव गेले, तेव्हा त्यांचा दरारा ओसरला होता.

मग आज त्यांची आठवण कशासाठी? आपल्या मांडवात दरवर्षी एकांकिका होतात, मुलांची नाटुकली होतात. पडदा पडला की आपण सगळे छान झाले म्हणतो आणि प्रसादाच्या रांगेत उभे राहतो. त्या कौतुकाने कलाकार खूश होतो, पण पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा करतो. बाबूरावांचा विखार आम्हाला नको. पण मनापासून पाहणे, आवडले नाही तर का नाही ते तोंडावर सांगणे, आणि खरोखर चांगले दिसले की हात न आखडता दाद देणे, एवढे त्यांच्याकडून घेतले तरी आपला रंगमंच सुधारेल. बुद्धीच्या देवतेपुढे खरे बोलण्याइतकी दुसरी सेवा कोणती?