ट्रंपेटवादक कै. चिक चॉकलेट

शहापूर, किन्हवली, डोळखांब, मुरबाड, सरळगाव या आमच्या मुलखात लग्नसराई सुरू झाली म्हणजे वरातीपुढे बँड चालू लागतो, आणि त्या बँडातून 'अलबेला' या १९५१ सालच्या बोलपटातील चाली अजूनही कानी येतात. त्या चालींचे जनक रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांचे नाव वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक आहे. परंतु त्या चालींवर पितळी वाद्यांचे जे तेज चढले, ते चढविणाऱ्या वादकाचे नाव फार थोड्यांस माहीत असेल. आमच्या शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईकर पीत आले आहेत. पण तानसा कोठे आहे असे विचारल्यास सांगणारे किती निघतील? या वादकाचेही तसेच झाले आहे. म्हणून त्यांचे अल्पचरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यास आणखीही एक कारण आहे. आमच्या भागातील विद्यार्थी शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन कल्याणास, ठाण्यास वा मुंबईस जातात. त्यांतील कोणास विल्सन किंवा सेंट झेवियर्स यांसारख्या ख्रिस्ती महाविद्यालयात प्रवेश मिळतो. तेथे एखाद्या मुलास विद्यार्थ्यांच्या जॅझ बँडात वाजविण्याचे बोलावणे आले, तर घरी चिंता उत्पन्न होते. मुलगा शिकण्यास गेला की वाजविण्यास, असा प्रश्न पित्यास पडतो. हा प्रश्न रास्त आहे; त्याची थट्टा आम्ही करणार नाही. ज्यांचे चरित्र आम्ही सांगत आहो, त्यांच्या घरीही हाच प्रश्न पडला होता.

चिक चॉकलेट हे त्यांचे व्यवसायातील नाव. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. इ. स. १९१६ मध्ये गोव्यातील बार्देश तालुक्यात हळदोणे या गावी त्यांचा जन्म झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. तेथील चर्चला जोडून ज्या शाळा असत, त्यांत मुलांस अक्षरांच्या बरोबरीने पाश्चात्य स्वरलिपी शिकवीत. मेस्त म्हणून ओळखला जाणारा गुरुजी प्रथम मुलांकडून कागदावरील स्वर गाऊन घेई. स्वर अचूक वाचता आले म्हणजे मगच हाती व्हायोलिन पडे. गरीब घरच्या मुलासही ही विद्या मिळत असल्याने, शेतावर राबणाऱ्यांच्या पोरांस आपल्याकडील मुले उजळणी वाचतात तशी स्वरलिपी वाचता येई. अँटोनियोचे शिक्षण अशाच शाळेत झाले. मुलाने यंत्रकाम शिकावे आणि भरवशाच्या धंद्यावर संसार उभा करावा, अशी घरच्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र ट्रंपेट या पितळी वाद्याकडे ओढले होते.

त्या काळी गोव्यात चरितार्थाची साधने थोडी असल्याने तेथील तरुण मुंबईस येत. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी चालविलेली बिऱ्हाडे असत; त्यांस ते कूड म्हणत. सेंट झेवियर्स महाविद्यालयाची दगडी इमारत ज्या धोबी तलावाशेजारी उभी आहे, त्याच वस्तीत पोलीस बँडासाठी, मूकपटांच्या थिएटरांसाठी आणि हॉटेलांतील नृत्यासाठी लागणारे वादक मिळत. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन निग्रो वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून क्रिकेट स्मिथ हे ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले. कागदावर लिहिलेले स्वर वाजविण्यात गोव्याचे वादक निष्णात होतेच. कागद बाजूस सारून वाजवावे कसे, हे त्यांनी या पाहुण्यांजवळ बसून आत्मसात केले.

जॅझ म्हणजे मनास येईल तसे वाजविणे, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. मूळ चाल, तिच्या खालून चालणाऱ्या स्वरसंगती आणि ताल ही तिन्ही सर्व वादकांस बांधलेली असतात. त्यांच्या आत राहून एकेकाने आपल्या पाळीस नवी रचना तत्क्षणी करावयाची असते. आपल्याकडील गवई रागाची मर्यादा न मोडता तान घेतो आणि बरोबर समेवर येतो, तसाच हा प्रकार समजावा. फरक एवढाच की, येथे गवई एक नसून पाच-दहा असतात, आणि एकाची पाळी चालू असता इतरांस आवाज आवरून त्याच्यामागे उभे राहावे लागते. ज्यास दुसऱ्याचे ऐकता येत नाही, त्यास या वाद्यवृंदात जागा नाही.

चिक यांनी आदर्श म्हणून लुई आर्मस्ट्राँग यांस पुढे ठेविले. १९०१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात दारिद्र्यात जन्मलेले हे निग्रो वादक लहानपणी मुलांच्या एका सुधारगृहात ठेविले गेले होते. तेथील मुलांच्या बँडातच त्यांस शिस्तीचे संगीतशिक्षण लाभले. चिक यांनी त्यांचे वादन, त्यांचा घोगरा आवाज, किंबहुना हाती पांढरा रुमाल धरण्याची लकबही उचलली. लोक त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ज्यांचे अनुकरण केले, ते आर्मस्ट्राँग १९६४ साली मुंबईस येऊन वाजवून गेले. आरंभी दुसऱ्यांच्या ताफ्यात काम केल्यावर चिक यांनी 'म्युझिक मेकर्स' हा स्वतःचा ताफा उभा केला, आणि १९४५ च्या सुमारास अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेलचे काम मिळविले. पुढे ताजमहाल हॉटेलातही त्यांचा ताफा गाजला.

तथापि त्यांच्या हातून घडलेले मोठे कार्य हॉटेलात झाले नाही. ते बोलपटात झाले. सी. रामचंद्र यांचे शिक्षण हिंदुस्थानी पद्धतीचे होते. विनायकबुवा पटवर्धन यांजजवळ ते शिकले होते. त्यांच्या मनातील चाल पंचवीस-तीस वादकांनी एका वेळी वाजवावयाची, तर प्रत्येकाचा भाग स्वतंत्रपणे लिहून देणारा कोणी हवा होता. हे काम स्वरलिपी जाणणारे गोव्याचे वादक करीत. चिक हे रामचंद्रांचे साहाय्यक झाले, आणि मराठी मनातील चालीस ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट व बोंगो यांची जोड मिळाली. 'अलबेला' हा बोलपट काढणारे भगवान आबाजी पालव हेही मराठीच. त्यातील एका गाण्यात चिक आणि त्यांचे सहकारी क्यूबा बेटातील वादकांचा झालरदार पोशाख करून पडद्यावर दिसतात. ज्यांच्याजवळ तो चित्रपट असेल त्यांनी अवश्य पाहावे. 'नादान' (१९५१) आणि 'रंगीली' (१९५२) या बोलपटांचे संगीत तर चिक यांनी स्वतः दिले.

परंतु यशाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपासून लपविणे योग्य नव्हे. मुंबई इलाख्यात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आला आणि ज्या नृत्यगृहांवर जॅझवादकांचे पोट अवलंबून होते त्यांस उतरती कळा लागली. बोलपटांत काम मिळे. पण शेकडो वादकांची नावे ना पडद्यावर येत, ना तबकडीवर. चिक यांचे नाव निदान थोड्यांस ठाऊक राहिले. त्यांच्या शेजारी बसून वाजविणारे बहुतेक जण अनामिकच राहिले. मे १९६७ मध्ये, पन्नाशी नुकतीच गाठली असता, चिक मुंबईत निवर्तले.

या चरित्रावरून पालकांस आम्ही काय सुचवावे? मुलगा महाविद्यालयाच्या बँडात जातो एवढ्यावरून तो वाया गेला असे समजू नये. तसेच तो उद्या नाव काढील अशी आशाही धरू नये. दोनच गोष्टींची चौकशी करावी. तो स्वरलिपी वाचण्यास शिकत आहे काय, आणि तालमीची वेळ व अभ्यासाची वेळ दोन्ही पाळतो काय? उत्तर होकारार्थी असेल, तर बँडात तो जे शिकत आहे ते वर्गातही त्याच्या कामी येईल.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठी एवढेच. हळदोण्याच्या मुलास ट्रंपेटवर मोकळेपणाने खेळता आले, कारण त्यापूर्वी कित्येक वर्षे त्याने शाळेत बसून कंटाळवाणे स्वरपाठ गिरविले होते. तुमच्यापैकी कोणी पुढे एखाद्या ताफ्यात उभा राहिला, तर आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचे वादन मनापासून ऐकावे. आणि वरातीत बँड वाजू लागला की नाचण्यापूर्वी क्षणभर त्या घामाने भिजलेल्या वादकांकडे पाहून त्यांची नावे विचारावीत, अशी आमची इच्छा आहे.